दुसऱ्याच्या घराची चावी

गोव्यात आपला एक छोटासा फ्लॅट असावा, वर्षातून आठ-पंधरा दिवस तेथे जाऊन राहावे आणि उरलेले दिवस तो पर्यटकांना देऊन कर्जाचा हप्ता फेडावा, हे स्वप्न पुण्या-मुंबईतच नव्हे, तर इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील मराठी घरांतूनही पाहिले जाते. २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि पेडणे, बार्देशकडचा भाग अशा मंडळींना आणखीच जवळचा वाटू लागला. फ्लॅट घेतला जातो, पडदे लागतात, हौसेने भिंतीवर चित्र टांगले जाते. मग प्रश्न उभा राहतो : पाहुणा आला की दार उघडायचे कोणी?

मालक शेकडो किलोमीटर दूर आणि पाहुणा दारात. या दोघांच्या मध्ये चावी घेऊन उभी राहणारी व्यक्ती म्हणजे सुटीच्या घरांची व्यवस्था पाहणारी व्यावसायिक. म्हापसा, कांदोळी, शिवोली येथे राहणाऱ्या एखाद्या गृहिणीलाही हा व्यवसाय करता येतो. दुकानाचा गाळा लागत नाही, माल भरावा लागत नाही. एक स्कूटर, एक फोन, विश्वासू मदतनीस आणि गावातल्या प्लंबरपासून पंचायतीपर्यंत सगळ्यांशी ओळख एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. म्हणूनच तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात या व्यवसायात बुडणारे बहुतेक जण चादरी मळल्या म्हणून बुडत नाहीत. पहिल्याच भेटीत मालकाला गोड वाटेल तो आकडा सांगितला म्हणून बुडतात.

आधी आकडे, मग चावी

मालकाच्या मनातला हिशेब साधा असतो. रात्रीचे भाडे ३,५०० रुपये, महिन्याचे तीस दिवस, वर्षाचे बारा महिने. म्हणजे १२ लाख ६० हजार. फ्लॅट ७० लाखांचा, त्यासाठी ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेले. हप्ता ४३ हजारांच्या वर जातो. घर आपला हप्ता आपणच फेडील आणि वर चार पैसे राहतील, अशी त्याची समजूत असते. काही वेळा फ्लॅट विकणाऱ्यानेच ती करून दिलेली असते.

आता हाच हिशेब चावी सांभाळणाऱ्या बाईने कागदावर मांडून पाहावा. वर्षाच्या ३६५ रात्री घर कधीच भरत नाही. समजा, १५० रात्री भरल्या. जमा झाली ५,२५,००० रुपयांची. सगळी बुकिंगे इंटरनेटवरील कंपन्यांमार्फत आली आणि त्यांनी १५ टक्के घेतले, तर ७८,७५० रुपये गेले. व्यवस्था पाहणारीचे कमिशन २० टक्के धरले, तर १,०५,००० गेले. सोसायटीचा देखभाल खर्च महिन्याला चार हजार म्हणजे वर्षाला ४८,०००. वीज, पाणी, इंटरनेट ५४,०००. पाहुणे सरासरी तीन रात्री राहिले असे धरले, तर पन्नास वेळा घराची साफसफाई आणि चादरींची धुलाई. दर वेळचे सातशे धरून ३५,०००. रंग, एअरकंडिशनरची दुरुस्ती, फुटलेली भांडी, बदललेली गादी यांचे ६०,०००. मालकाच्या हाती उरले १,४४,२५० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे बारा हजार. त्यावरचा आयकर वेगळाच. ७० लाखांच्या घरावर हे उत्पन्न दोन टक्क्यांच्या आसपास पडते.

बारा हजार आणि त्रेचाळीस हजार. या दोन आकड्यांमधले अंतर मालकाला त्याच्या पगारातून भरून काढावे लागणार आहे, हे त्याला पहिल्या दिवशी कळले तर तो कदाचित नाराज होईल, कदाचित चावी दुसऱ्याच्या हातात देईल. पण वर्षभराने कळले तर तो व्यवस्था पाहणारीलाच चोर समजेल. वर दिलेल्या रकमा नमुन्याच्या आहेत. इमारतीला पोहण्याचा तलाव असेल, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर भाडे वाढते, तसाच देखभाल खर्चही वाढतो. आपल्या भागातले आकडे घालून हा तक्ता प्रत्येक घरासाठी नव्याने करावा आणि तो मालकाला लेखी द्यावा.

व्यवस्था पाहणारीची बाजूही याच कागदावर दिसते. एका फ्लॅटमागे वर्षाला १,०५,००० म्हणजे महिन्याला ८,७५० रुपये. एका घरावर संसार चालत नाही. अशी सहा घरे असतील तर कमिशनचे ६,३०,००० आणि साफसफाईचे २,१०,००० मिळून ८,४०,००० होतात. त्यातून दोन मदतनीस बायांचे दरमहा बारा हजारांप्रमाणे वर्षाचे २,८८,००० द्यावे लागतील. साबण, धुलाईयंत्र, त्याची वीज यांचे ९०,०००, पेट्रोल व फोनचे ६०,०००, हिशेबनीस आणि किरकोळ ४०,००० गेले, तर उरतात ३,६२,०००. महिन्याला तीस हजार. वाईट नाही. मात्र हे तीस हजार रात्री अडीच वाजता विमान उशिरा आलेल्या पाहुण्याला दार उघडून द्यायचेही आहेत.

करारात नणंदेची मुलेही हवीत

मालकाशी करार करताना कमिशन किती, यावर सगळा वेळ जातो. खरे भांडण तेथे होत नाही. ते डिसेंबरात होते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गोव्यात वर्षातले सर्वांत जास्त भाडे मिळते आणि नेमक्या त्याच आठवड्यात मालकाला आपल्या घराची आठवण येते. असा फोन दरवर्षी कोठे ना कोठे वाजतोच :

‘‘अगं, माझ्या नणंदेची मुलं येतायत एकतीसला. दोनच दिवस. घर आपलंच आहे म्हटलं, या.’’

‘‘काकू, घर तुमचंच आहे. पण अठ्ठावीस ते दोन तारखेचं बुकिंग सप्टेंबरातच झालंय. पैसे आलेत.’’

‘‘मग त्यांना दुसरीकडे कुठं तरी दे ना.’’

एकतीस डिसेंबरला गोव्यात दुसरीकडे कोठे काही मिळत नसते. पाहुण्याला नकार दिला तर पैसे परत करावेच लागतात, शिवाय बुकिंग कंपनी दंड लावते आणि त्या घराचे नाव यादीत खाली ढकलते. नणंदेच्या मुलांना नकार दिला तर काकू रागावतात. म्हणून मालकाचे स्वतःचे दिवस किती, ते किती महिने आधी कळवायचे, नातेवाईक फुकट राहिले तर साफसफाईचे पैसे कोणी द्यायचे, हे करारातच लिहून घ्यावे. नात्यातल्या गोष्टी कागदावर आणणे आपल्याकडे रुक्षपणाचे समजले जाते. या व्यवसायात मात्र काकूंशी असलेले बोलणेचालणे याच कागदामुळे टिकते.

करारात आणखी तीन-चार बाबी असाव्यात. किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती न विचारता करायची, समजा तीन हजार. त्यापुढे फोन करून, छायाचित्र पाठवूनच करायची. घरातील प्रत्येक वस्तूची यादी, चमच्यांपर्यंत, दोघांच्या सहीने करावी. पाहुण्यांचे पैसे कोणाच्या खात्यात यायचे तेही ठरलेले असावे. नवख्या व्यवस्थापिकेने सगळे पैसे आपल्या घरखर्चाच्या खात्यात घेण्याची चूक करू नये. मालकांच्या पैशांसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला हिशेब पाठवावा. रिकाम्या महिन्याचाही पाठवावा. जुलैत शून्य जमा आणि नऊ हजार खर्च, असा हिशेब पाठवताना हात आखडतो. तो पाठवला नाही की ऑक्टोबरातल्या हिशेबावरही मालकाचा विश्वास राहत नाही.

अकरा ते दोन

पाहुण्याने सकाळी अकराला घर सोडायचे आणि नव्याने दुपारी दोनला यायचे, अशी साधारण पद्धत आहे. मधले तीन तास म्हणजे या धंद्याचे स्वयंपाकघर. शनिवारी सहापैकी चार घरांत एकाच वेळी पाहुणे बदलत असतील, तर दोन बाया कोठे आधी जातील, कोठे नंतर, हे आदल्या रात्रीच ठरलेले हवे.

अशा वेळी चादरी धुऊन, वाळवून, पुन्हा त्याच घालता येत नाहीत. म्हणून प्रत्येक पलंगामागे तीन जोड ठेवावे : एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पांढऱ्या सुती चादरी घ्याव्यात. त्या मळतात हे खरे, पण स्वच्छ असल्या तर स्वच्छ दिसतात, गरम पाण्यात धुता येतात आणि एक फाटली तर तिचीच जोडीदार बाजारात मिळते. फुलाफुलांच्या चादरीचा जोड फुटला की तो कायमचा फुटला. टॉवेलही एकाच रंगाचे असावेत.

साफसफाई झाल्यावर मदतनीस बाईने ठरलेल्या क्रमाने छायाचित्रे काढावीत : पलंग, न्हाणीघर, ओटा, फ्रीजचा आतला भाग, गॅलरी. ही छायाचित्रे नंतर दोन भांडणे मिटवतात. पाहुणा म्हणतो, घर घाणेरडे होते. मालक म्हणतो, काचेच्या टेबलाला तडा कधी गेला? दोघांनाही तारखेसह छायाचित्र दाखवता येते.

काही गोष्टींत मात्र काटकसर नको. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर कधीही ठेवू नये. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. स्नानाला गेलेला माणूस दार आतून बंद असतानाच बेशुद्ध पडतो आणि अशाने आजवर अनेकांचे जीव गेले आहेत. मालकाने बसवलेला असेल तर तो काढून विजेचा बसवण्याची अट घालावी. मालक ऐकत नसेल तर ते घर घेऊ नये. गॅलरीच्या कठड्याची उंची आणि गजांमधले अंतर लहान मुलाच्या नजरेने पाहावे. तलाव असेल तर मुलांनी एकटे जायचे नाही, हे पाहुण्याला चावी देतानाच तोंडाने सांगावे; भिंतीवरची पाटी कोणी वाचत नाही.

नोंदणी आणि शेजार

‘‘आपल्याच घरात चार दिवस कोणी राहिले तर सरकारचे काय जाते?’’ असा प्रश्न पुष्कळ मालक विचारतात. गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९८२ चा कायदा आहे आणि पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. ही नोंद केवळ कटकट नव्हे. इंटरनेटवर दुसऱ्याच्या बंगल्याची छायाचित्रे टाकून आगाऊ पैसे घेणारे भामटे गोव्याच्या नावावर अनेकांना फसवत आले आहेत. सामानासह कुटुंब पत्त्यावर पोहोचते आणि तेथे तसा बंगलाच नसतो. त्यामुळे शहाणा पाहुणा आता नोंदणी क्रमांक विचारतो. तो जाहिरातीतच दिलेला बरा.

राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करावी. आधारची प्रत घ्यायचीच झाली तर शेवटचे चार अंक तेवढे दिसणारी घ्यावी आणि ती मदतनिसांच्या फोनमधून फिरू देऊ नये. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला, तरी हे बंधन सुटलेले नाही. मालक स्वतः परदेशात स्थायिक असेल, तर त्याला भाडे पाठवताना उगमस्थानी करकपातीचा प्रश्न येतो.

वस्तू व सेवा कराची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. आपले कमिशन तर सहा लाखच, असे म्हणून निश्चिंत राहू नये. मालकांच्या वतीने केलेली विक्रीही उलाढालीत धरली जाऊ शकते आणि वरच्या सहा घरांची एकूण जमा साडेएकतीस लाख होते. रोजचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराचा दर पाच टक्के झाला आहे. पावती कोणाच्या नावाने फाडायची, हे पहिला करार करण्यापूर्वीच सनदी लेखापालाला विचारावे.

महाराष्ट्रात हाच व्यवसाय करणाऱ्यांसाठी पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना पूर्वीपासून आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘आई’ या महिला पर्यटन धोरणात पर्यटन व्यवसायासाठी महिलांनी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद केलेली आहे. अलिबाग, दापोली, तारकर्लीकडच्या भगिनींनी तिची चौकशी जरूर करावी.

पण सगळे कागद असले तरी एका माणसाची परवानगी कोणत्याही कचेरीत मिळत नाही. तो म्हणजे शेजारी. खालच्या मजल्यावर निवृत्त शिक्षक राहतात, समोर दहावीची मुलगी अभ्यास करते आणि मधल्या फ्लॅटमध्ये दर तीन दिवसांनी नवे लोक, नवी गाणी, जिन्यात ओल्या पायांचे ठसे. त्यांची चीड खोटी नाही. त्यांनी घर घेतले ते इमारतीत, हॉटेलात नव्हे. सोसायटीची लेखी ना-हरकत घ्यावीच. त्याशिवाय खालच्या काकांना आपला फोन नंबर स्वतः नेऊन द्यावा आणि रात्री अकराला त्यांचा फोन आला तर पाहुण्याला फोन करून न थांबता स्कूटर काढून जावे. उघड्यावर ध्वनिवर्धकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, हे पाहुण्याला आल्याआल्या सांगितले तर रात्री सांगण्याची वेळ कमी येते. किती माणसे राहणार, हे पक्के विचारावे. चौघांचे बुकिंग करून नऊ जण उतरले, तर दारातच नम्रपणे नाही म्हणता आले पाहिजे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचे पाहुण्यावर सोडू नये, ते मदतनीस बाईने करावे. इमारतीतली निम्मी भांडणे कचऱ्याच्या पिशवीवरून सुरू होतात.

पाऊस

पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत जोरात, मेमध्ये शाळांच्या सुटीमुळे पुन्हा थोडा. त्यानंतर गोव्यात पाऊस येतो. लोणावळ्याला उलटे असते, तेथे पावसाळा हाच हंगाम. तेथल्या व्यवस्थापिकेने दुरुस्तीचे महिने वेगळे निवडावेत.

समुद्राकाठचे बंद घर पावसाळ्यात आपले आपण खराब होते. मेच्या अखेरीस गॅलरीची आणि गच्चीची पन्हाळी साफ करून घ्यावी. गाद्या भिंतीपासून दूर, उभ्या ठेवाव्यात. कपाटांची दारे किंचित उघडी राहू द्यावीत, नाही तर ऑक्टोबरात आतून पांढरी बुरशी निघते. फ्रीज रिकामा करून, पुसून, दार थोडे उघडे ठेवून बंद करावा. एअरकंडिशनरच्या बाहेरच्या यंत्राला खारी हवा खाते. हंगाम संपताच ते धुऊन घेतले तर एखादे वर्ष जास्त टिकते. आठवड्यातून एकदा प्रत्येक घर उघडावे, पंखे लावावेत, सगळे नळ सोडावेत. पाणी सोडले नाही तर न्हाणीघराच्या जाळीखालचे पाणी आटते आणि गटाराचा वास घरभर पसरतो. पाहुणा तो वास घेऊनच आत येतो आणि पुढे कितीही सुगंधी फवारा मारला तरी त्याचे मत बदलत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आहे का पाहावे. वीज जाते ती नेमकी पाऊस कोसळत असतानाच.

या फेऱ्यांचे पैसे मालकाकडून मागायला संकोच वाटतो, कारण त्या महिन्यांत घर काही कमावत नाही. तरीही ते करारात वेगळे लावून घ्यावेत. मदतनीस बायांना चार महिने ‘ऑक्टोबरात या’ म्हणून घरी बसवले, तर ऑक्टोबरात त्या दुसऱ्याच्या घरात काम करत असतात आणि नव्या बाईला फ्रीजमागे झाडायला शिकवेपर्यंत दिवाळी उलटते.

चवथीला या बाया आपापल्या गावी जातात आणि जायलाच हव्यात. त्या दिवसांत बुकिंग घेण्याचा मोह टाळावा. त्यानंतर पडदे धुवावेत, भिंतीवरचे ओलीचे डाग खरवडून रंग द्यावा, भांड्यांची यादी नव्याने तपासावी. दसऱ्यापूर्वी सगळ्या खोल्यांची छायाचित्रे मालकाला पाठवून नव्या हंगामाचे दर ठरवायला फोन करावा. नणंदेची मुले यंदा कधी येणार आहेत, तेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.